घराला हवी कारभारीण!

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या. शेजारच्या वहिनींनी चहाचा थर्मास भरून आणला होता आणि तळमजल्यावरचे काका हिशेबाची वही मांडीवर घेऊन बसले होते. बारा बिऱ्हाडांची आमची इमारत. जमली किती? सात! उरलेल्या पाच दारांना कुलपे.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगून टाकले, "हे बघा, मी आता पंचाहत्तरीचा झालो. यंदा अध्यक्ष दुसरा शोधा. पाण्याची मोटर मरायला टेकलीय, गच्ची गळतेय आणि तिजोरीत खडखडाट आहे."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणाला रात्रपाळी, कुणाला गुडघेदुखी, कुणाला वेळ नाही. मग काकांची नजर आमच्याकडे वळली. "वहिनी, तुम्ही अध्यक्ष व्हा. आणि बाई, तुम्ही शाळेत चाळीस-चाळीस पोरं सांभाळता, तुम्ही खजिनदार व्हा."

मी पटकन म्हणाले, "छे छे काका, मला नाही जमायचं! पुढारीपण करणं हा काही आपला पिंड नव्हे."

घरी आले, पोळ्या लाटायला बसले, पण मन काही लागेना. पाच दारांना कुलपे का लागली? आणि 'पुढारीपण' म्हणजे नेमके काय, ज्याची मला एवढी धास्ती वाटली? या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला हळूहळू उमगत गेले. मैत्रिणींनो, तेच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

नोकरी जिथे, चूल तिथे

आमचे गाव सोलापूर. पाच कुलपांपैकी चार घरांतली मुले पुण्याला नोकरीला. आधी मुलगा एकटाच गेला, हुतात्मा एक्स्प्रेसने शनिवार-रविवार येऊ लागला. मग लग्न झाले, नातवंड झाले आणि आजी-आजोबाही बाळाला सांभाळायला तिकडेच गेले. इथले घर बंद. तिकडे हिंजवडीला, चाकणला नोकऱ्या, म्हणून आजूबाजूला घरभाडे भडकलेले. इकडे घर आहे तर माणूस नाही, तिकडे माणूस आहे तर घर परवडत नाही. किती विचित्र!

पण हे काही आजचे नाही. आमचे सोलापूर वाढले तेच मुळी नोकरीमुळे. १८७७ साली इथे 'जुनी गिरणी' सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, खेड्यापाड्यांतून माणसे आली. भोंग्याच्या आवाजाच्या टप्प्यात जिथे मिळेल तिथे खोली घेऊन राहिली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तशी तीच माणसे यंत्रमागावर, हमालीवर, रिक्षावर गेली. खोली तीच, पण पगाराचा भरवसा गेला. भाडे थकू लागले, भिंतींचे पोपडे पडू लागले.

मुंबईच्या गिरणगावात तर याहून अडचण. एका खोलीत दहा-पंधरा माणसे राहायची आणि गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपण्याची जागाही वाटून घ्यायची. एकाने उठावे, दुसऱ्याने आडवे व्हावे. बायकामुले गावी कोकणात, नाही तर घाटावर. त्या एकट्या पुरुषांना खानावळवाल्या बाया जेवू घालत. म्हणजे नोकरीने एकाच घराचे दोन तुकडे केले होते. चूल गावी आणि अंथरूण मुंबईत.

२०२० साली करोनाच्या टाळेबंदीत आपण उलटा प्रकार पाहिला. कचेऱ्या घरात आल्या, मुले लॅपटॉप घेऊन गावी परतली आणि पुण्यातल्या कितीतरी खोल्या ओस पडल्या. आमच्या इमारतीत त्या वर्षी बाराच्या बारा घरांत दिवे होते! कचेऱ्या पुन्हा उघडल्या तशी कुलपे परत लागली. वीज, पाणी, शाळा, दवाखाना हे सारे आपण घर घेताना बघतो. पण घराची खरी किंमत ठरवते ती जवळपासची नोकरी. ती वाढली की भाडे वाढते, ती गेली की घर ओस पडते.

पगाराची चिठ्ठी नसेल तर?

ज्याच्या हाती पगाराची चिठ्ठी आहे तो निदान बँकेच्या दारात उभा राहू शकतो. ज्यांच्याकडे तीही नाही त्यांनी काय करायचे?

आमच्या सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. कारखान्यातून तेंदूचा पाला आणि तंबाखू आणायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचे आणि तयार विड्या परत नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. हजार विड्या म्हणजे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंतचे काम, त्यातच स्वयंपाक आणि मुलेबाळे. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना. आणि ते घर म्हणजे बहुधा भाड्याची एक खोली, तीतच चूल, तीतच तंबाखूचा खकाणा, तीतच तान्हे मूल. अशा बाईला घरासाठी कर्ज कोण देणार?

तरीही या बायकांची स्वतःची घरे झाली. शहराबाहेर कुंभारी गावाजवळ विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. तिला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचे नाव दिले. वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभ्या करणाऱ्या त्याच गोदूताई. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते या घरांचे वाटप झाले. पैसा उभा राहिला तो तीन वाट्यांनी. केंद्र सरकारचा वाटा, राज्य सरकारचा वाटा आणि विड्या वळणाऱ्या बाईचा स्वतःचा वाटा.

या कामामागे उभे होते नरसय्या आडम, सोलापूरकरांचे 'आडम मास्तर'. त्यांच्याच पुढाकाराने पुढे त्याच परिसरात रे नगर उभे राहू लागले. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कागद-काच वेचणाऱ्या बाया, रिक्षाचालक अशा असंघटित कामगारांसाठी तब्बल ३० हजार घरांचा हा प्रकल्प. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली.

या साऱ्याचा विचार करताना मला वाटले, आपल्याला 'नेता' म्हटले की हार, माईक आणि मोटारींचा ताफा आठवतो. पण घरासारखी गोष्ट मिळवून देणाऱ्या नेत्याच्या अंगी जे गुण लागतात, ते वेगळेच आहेत. आणि गंमत म्हणजे त्यांतले बरेचसे आपल्या स्वयंपाकघरातले आहेत!

चांगल्या नेतृत्वाचे पाच गुण

पहिला गुण : गरज ओळखणे. आईला जसे न सांगता कळते की मूल भुकेले आहे की झोपेला आले आहे, तसे नेत्याला कळले पाहिजे. गोरेगावच्या मृणालताई गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत ते उगाच नव्हे. मोठमोठ्या तत्त्वांची भाषणे त्यांनाही करता आली असती. पण बायकांची पहाट नळावर आणि भांडणात जाते हे त्यांनी ओळखले आणि पाण्याचाच प्रश्न हाती घेतला. महागाईविरुद्ध १९७२ नंतर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या याच विश्वासावर, की ही बाई आपलेच बोलते आहे.

दुसरा गुण : उघडा हिशेब. दहा हजार गरीब बायकांनी आपल्या वाट्याचे पैसे काढून द्यायचे म्हणजे केवढा विश्वास! घर दिसत नाही, नुसते माळरान दिसते आहे आणि पैसे मागताहेत. अशा वेळी कोणी म्हणाले, "पैसे बुडाले," की पळापळ होते. हा विश्वास भाषणाने मिळत नाही. तो पावतीने मिळतो. कुणाचे किती आले, कुठे गेले, किती उरले, हे विचारण्याआधी सांगणारा माणूसच लोकांचा पैसा हाताळायच्या लायकीचा. आपण नाही का, वाण्याची वही आणि दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडून ठेवत?

तिसरा गुण : खुर्चीवाचूनही टिकणारी चिकाटी. आडम मास्तर तीन वेळा आमदार झाले आणि अनेकदा हरलेही. रे नगरची घरे झाली तेव्हा ते आमदार नव्हते. सरकारे बदलली, पक्ष बदलले, कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले. ते मार्क्सवादी पक्षाचे आणि ज्यांच्याकडून मंजुरी आणायची ते विरोधी विचारांचे. २०१९ साली त्यांनी सरकारचे जाहीर कौतुक केले म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. कुणाला ते कौतुक खटकेल, कुणाला ती शिक्षा खटकेल. मला एवढेच दिसते, की घर हवे असणाऱ्या बाईला पक्षाशी देणेघेणे नसते, तिला छप्पर हवे असते. तिच्यासाठी दोन्हीकडची बोलणी सोसणे हेही नेतृत्वच.

चौथा गुण : कुठे थांबायचे ते कळणे. हा सगळ्यांत अवघड. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दाखातर बाहेर पडले. त्यांच्या धैर्याबद्दल आणि प्रामाणिकपणाबद्दल कामगारांना शंका नव्हती, कामगारांची मागणीही खोटी नव्हती. पण मालक नमले नाहीत, सरकार नमले नाही आणि संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीरही केले नाही. माणसे गावी गेली, बायकांची मंगळसूत्रे गहाण पडली, गिरण्या बंद झाल्या. गिरणीच्या जमिनीवर उंच इमारती आल्या आणि गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला २०१२ साल उजाडले. दोष एकट्या नेत्याचा मुळीच नव्हे. पण संसार चालवणाऱ्या बाईला यातून एक धडा घेता येतो. दूध उतू जाईल असे दिसले की गॅस बारीक करावा लागतो. पुढे जाण्याच्या वाटेबरोबर मागे येण्याची वाटही नेत्याच्या डोक्यात हवी. त्या वाटेवरून बायकामुले चालत असतात.

पाचवा गुण : दुसऱ्याला उभे करणे. मघाशी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांचा उल्लेख केला. सकाळ-संध्याकाळ डबे करून त्यांचा जीव मेटाकुटीला येई, वर सावकाराचे व्याज. त्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या या बाईंनी खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या बाईने कधी बँकेची पायरी चढली नव्हती, ती सही करायला शिकली आणि पुढे दुसरीला बँकेत घेऊन जाऊ लागली. संप झाला, गिरण्या बंद झाल्या, जेवणारे गेले, तरी मंडळ टिकले. एकट्या प्रेमाताईंच्या जिवावर ते उभे असते तर टिकते का?

मृणालताईंनीही पुढे सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषद काढली. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षे झगडल्या. गोरेगावच्या दिंडोशीला सामान्य नोकरदारांची सहा हजारांच्या आसपास घरे झाली. नोकरी आहे पण मुंबईत घर घेण्याइतका पगार नाही, अशा माणसाला एकट्याने जे जमले नसते ते सगळ्यांनी मिळून केले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. घर मिळाले म्हणजे सगळे मिळाले असे नाही. गावापासून दूर घर मिळाले की विड्या वळणाऱ्या बाईचे एक वेळ निभते, ती काम घरी आणते. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काय? तिचा वेळ आणि बसभाडे यांतच मजुरी सरते. म्हणून घर मागताना कामाची, शाळेची आणि बसची जागाही मागून घ्यावी लागते. नोकरी आणि घर ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, एक लहान एक मोठे झाले की गाडी फिरतच राहते, पुढे जात नाही.

तुमच्या-माझ्यासाठी चार गोष्टी

१. घराचा हप्ता ठरवताना नवऱ्याच्या आजच्या पगारावर हिशेब करू नका. नोकरी सहा महिने नसली तर हप्ता कुठून भरणार, याचे उत्तर आधी शोधा. तेवढी रक्कम वेगळी ठेवूनच सही करा.

२. घर बाईच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैशाचा फायदा आहेच, पण हक्काचे छप्पर हा त्याहून मोठा फायदा.

३. गावचे रिकामे घर भाड्याने द्यायचे असेल तर करार लेखी करून त्याची नोंदणी करा. तोंडी व्यवहार नको, मग भाडेकरू नात्यातला का असेना. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आणि घराला कुलूप असले तरी देखभालीचा वाटा चुकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

४. सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत बायकांसाठी कायद्यानेच जागा राखीव आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या जागी नुसती सही करणारी बाई असते. तिथे खरोखर जाऊन बसा.

आमच्या सोसायटीचे काय झाले?

आता तुम्ही विचाराल, दुसऱ्याला एवढे सांगता, तुमचे काय? तर ऐका. आठ दिवसांनी वहिनींनी अध्यक्षपद घेतले आणि त्यांच्या आग्रहाखातर मी खजिनदार झाले. वही उघडून बघते तो बाकीतली मोठी रक्कम कुलपांच्या घरांची. त्यातही एका घराचे चौदा महिने थकलेले.

पुढच्या बैठकीत सगळ्यांचे एकच म्हणणे, "थकबाकीदारांची नावं फळ्यावर लावा. लाज वाटली की भरतील." मीही त्याच मताची. खडू घेऊन फळ्याशी निघालेसुद्धा. वहिनी म्हणाल्या, "थांबा बाई. आधी एक फोन करू या. माणूस का देत नाही ते तरी कळू दे."

फोन केला. पलीकडून काकूंचा आवाज आला. आधी इकडचे तिकडचे बोलल्या, मग एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, "बाई, कुणाला सांगू नका हो. मुलाची नोकरी गेली. कंपनीने एका दिवसात घरी बसवलं. इथल्या फ्लॅटचा हप्ता माझ्या पेन्शनीतून भरतोय. सोलापूरचं घर विकायचं म्हणतो, पण ते ह्यांनी बांधलेलं... जीव होत नाही."

मी फोन ठेवला आणि हातातल्या खडूकडे बघत बसले. फळ्यावर नाव लिहिले असते तर त्या माउलीला सोलापुरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

पण मोटर तर दुरुस्त करायला हवी होती! एकाला सोडले तर उद्या सगळेच कारण सांगतील, हेही खोटे नव्हते. वहिनींनी वाट काढली. कुणाचेही नाव न घेता बैठकीत ठराव केला, की ज्याला अडचण आहे त्याने अध्यक्षांना सांगावे, त्याला बाकी महिन्याच्या हप्त्यांनी भरता येईल, आणि हा नियम सगळ्यांना सारखा. शिवाय दर महिन्याला मी जमाखर्चाचा कागद जिन्यात लावायचा. उरलेल्या चार घरांना तो कागद फोनवर पाठवला. मोटरीला किती लागणार, प्रत्येकाचा वाटा किती, सगळे मांडलेले. आठवड्याभरात तीन घरांचे पैसे आले. एक गृहस्थ म्हणाले, "आजवर कुणी हिशेब दाखवलाच नाही, म्हणून भरत नव्हतो."

काकूंनी वहिनींचे ऐकून आपले घर वर्षाच्या करारावर एका बँकेतल्या मुलीला भाड्याने दिले. तिची बदली इथे झाली होती आणि एकट्या मुलीला घर द्यायला कुणी तयार नव्हते. आता त्या भाड्यातून पुण्याच्या हप्त्याला हातभार लागतो आणि सोसायटीची बाकीही थोडी थोडी फिटते आहे. मुलाला अजून मनासारखी नोकरी मिळालेली नाही. घर विकायचे की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे आहेच. तो आमच्या हातातला नव्हे.

मोटर दुरुस्त झाली. गच्ची मात्र अजून गळते. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी पैसे जमवायचे आहेत. परवा काका जिन्यात भेटले, कागद वाचत उभे होते. म्हणाले, "काय बाई, पुढारीपण जमायचं नाही म्हणत होतात ना?"

मी म्हटले, "पुढारीपण कसलं काका, कारभार आहे. तो तर आम्ही रोजच करतो."

मैत्रिणींनो, तुमच्याही इमारतीत एखादी खुर्ची रिकामी असेल. सगळे एकमेकांकडे बघत असतील. या वेळी मान खाली घालू नका. आणि त्या खुर्चीत बसलात तर फळ्याकडे जाण्याआधी एक फोन नक्की करा.